बाटली वाया गेली, पुड्या लागू पडल्या

आधीच सांगते, मी शेतकी शिकलेली नाही. हिशेब तपासणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. सासऱ्यांनी लावलेली सत्तेचाळीस फळझाडं आता माझ्या गळ्यात आहेत, बहुतेक सफरचंदाची, कोपऱ्यात चार नासपतीची. मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही, त्यामुळे या परीक्षणात आकडे जास्त आणि कौतुक कमी असेल. दोन मोसम मी परभक्षी कोळी, म्हणजे झाडं शोषणाऱ्या कोळ्यांना खाणारे इवले शिकारी, विकत घेऊन झाडांवर सोडले, पहिल्या वर्षी बाटलीतले, दुसऱ्या वर्षी पुडीतले. विकणारा एकच, जाहिरातही एकच: ‘लाल कोळीवर रामबाण’. निकाल मात्र जमीन-अस्मानाइतके वेगळे.

लाल कोळी कीटक नव्हे, घरात जाळं विणणारा कोळीही नव्हे. इंग्रजीत ‘माइट’ म्हणतात तो. आठ पायांचा, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा जीव, पानाच्या खालच्या बाजूला बसून एकेक पेशी सोंडेने टोचून रिकामी करणारा. आधी पानावर पीठ सांडल्यासारखे पांढुरके ठिपके येतात, मग पान तांबूस-करडं पडतं, काशाच्या जुन्या भांड्यासारखं. झाड मरत नाही. फळं लहान राहतात, रंग धरत नाहीत आणि पुढच्या वर्षीचे फुलांचे डोळे कमी येतात. म्हणजे नुकसान दोन वर्षांच्या खात्यांत विभागून पडतं. म्हणूनच ते पटकन लक्षात येत नाही.

सासऱ्यांच्या वहीत फवारण्यांच्या नोंदी आहेत. पहिली काही वर्षं क्लोफेंटेझिन, मग हेक्झिथायाझॉक्स, शेवटी इटॉक्साझोल. प्रत्येक औषधापुढे पहिल्या वर्षी ‘उत्तम’, दोन-तीन वर्षांनी ‘बरं’, आणि मग नुसती रेघ. बिचाऱ्यांना वाटायचं, औषधात भेसळ आहे.

तर बाटली. तळहातात मावेल एवढी, आत व्हर्मिक्युलाईट या हलक्या खनिजाचा भुसा, लेबलवर ‘फायटोसियुलस पर्सिमिलिस, 2000 नग, जिवंत’. पांढऱ्या कागदावर चिमूटभर ओतून भिंग लावलं. चकचकीत नारिंगी, थेंबाच्या आकाराचे, लांब पायांचे जीव लगबगीने इकडेतिकडे पळत होते. जिवंत होते, भरपूर होते, त्याबद्दल तक्रार नाही. संध्याकाळी उन्हं उतरल्यावर, लेबलवर सांगितल्याप्रमाणे बाटली आडवी धरून हळूहळू फिरवत, मी ते सर्वांत जास्त तांबूस झालेल्या बारा झाडांच्या पानांवर शिंपडले. थोडा भुसा उरला, तो कुंपणालगतच्या घेवड्याच्या वेलांवर झटकला. टाकून कशाला द्यायचा, एवढाच विचार.

दोन आठवड्यांनी बारा झाडांवरची पन्नास पानं तपासली. लाल कोळी जिथल्या तिथे, नारिंगी परभक्षी मात्र एकही नाही. चार आठवड्यांनीही तेच. मी विकणाऱ्याला कडक पत्र लिहायला बसणार, एवढ्यात घेवड्याकडे लक्ष गेलं. महिनाभरापूर्वी त्या वेलांच्या शेंड्यांवर जाळीचं जाड आवरण होतं. आता जाळी होती, पण ओसाड. भिंगाखाली एकही लाल कोळी दिसेना, फक्त वाळलेल्या कातींचा कचरा. एकाच बाटलीने एका जागी चोख काम केलं होतं आणि पंधरा पावलांवर काहीच केलं नव्हतं. पत्र फाडलं.

झाडांवर आणि घेवड्यावर एकच कीड आहे, हे मी गृहीत धरलं होतं. तिथेच हिशेब चुकला. ‘लाल कोळी’ हे नाव आपण अनेक जातींना सरसकट चिकटवतो. घेवड्यावर होता टेट्रानायकस अर्टिकी, दोन ठिपक्यांचा कोळी: अंगाने हिरवट-पिवळा, दोन्ही बाजूंना गडद डाग, दाट जाळी विणणारा, हजाराहून अधिक जातींच्या वनस्पतींवर जगणारा. सफरचंदावर होता पॅनोनायकस उल्मी, खरा फळझाडांचा लाल कोळी: मादी विटकरी रंगाची, पाठीवर पांढऱ्या फुगवट्यांवर उभे केस, जाळी जवळजवळ नाहीच. त्याची अंडी एकदा पाहिली की विसरत नाहीत. लाल, किंचित चपटी आणि माथ्यावर एक केस, इवल्याशा कांद्यासारखी. तिसराही एक आहे, अॅम्फिटेट्रानायकस व्हिएनेन्सिस, गडद तांबडा, तोही सफरचंद, नासपती, चेरीवर पडतो. ओळखायचा सोपा काळ हिवाळा. पॅनोनायकस उल्मी थंडी काढतो तो डहाळ्यांवर आणि फळफांद्यांच्या सुरकुत्यांत घातलेल्या लाल अंड्यांच्या रूपात. बाकीच्या दोघांच्या फलित माद्या सालीखाली आणि फटींत दडून बसतात.

आणि पर्सिमिलिस? हा प्राणी टेट्रानायकस गटाचा खास शिकारी. त्याच्या पाठीवरचे लांब केस त्याला दाट जाळीतून वाट काढायला मदत करतात. सफरचंदाच्या पानावर जाळीच नाही आणि भक्ष्यही सवयीचं नाही. शिवाय त्याच्या अंड्यांना हवेत बऱ्यापैकी ओलावा लागतो. माझ्या झाडांच्या शेंड्यांवर दुपारचा वारा कोरडा ठणठणीत. भक्ष्य संपलं तर परागकण खाऊन दिवस काढणंही त्याला जमत नाही. एकूण, सफरचंदावर सोडलेले ते नग उपाशीच गेले असणार. लेबलवर ‘लाल कोळीसाठी’ एवढंच होतं. कोणत्या, ते नव्हतं. उत्पादन खोटं नाही, लेबल अर्धवट आहे, आणि या धंद्यात अर्धवट लेबल म्हणजे पूर्ण नुकसान.

घेवड्यावर त्यांना वाट कोणी दाखवली, हेही मी शोधलं, कारण या शिकाऱ्यांना डोळेच नसतात. नेदरलँड्समध्ये मार्सेल डिके आणि मॉरिस साबेलिस यांनी 1980च्या दशकात दाखवून दिलं, की कोळ्याने टोचलेलं घेवड्याचं पान विशिष्ट वास सोडतं आणि पर्सिमिलिस त्या वासाच्या मागावर जातो. म्हणजे झाडच हाक मारतं. हे वाचल्यापासून त्या वेलांकडे मी जरा आदराने पाहते.

आता सासऱ्यांच्या वहीतल्या त्या रेघांचं. भेसळ नव्हती. दुसरा मोसम उजाडायच्या आत मी कोळ्यांच्या जनुकांबद्दल मिळेल ते वाचून काढलं. दोन ठिपक्यांच्या कोळ्याचा संपूर्ण जीनोम, म्हणजे त्याच्या जनुकांची अख्खी पोथी, 2011 साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. फक्त तीन गुणसूत्रांच्या जोड्या, सुमारे 90 दशलक्ष अक्षरं. संधिपाद प्राण्यांमध्ये तोवर वाचलेल्या जीनोमांत हा सर्वांत छोटा. पण त्या छोट्या पोथीत विषं मोडून काढणाऱ्या जनुकांची गर्दी. रंगद्रव्य बनवणारी काही जनुकं तर मुळात बुरशीकडून आलेली. उसनवारीवर एवढी श्रीमंती मी कुठल्याही ताळेबंदात पाहिलेली नाही.

त्याहून महत्त्वाची आहे त्यांची वंशपद्धत. फलित अंड्यातून मादी, अफलित अंड्यातून नर. नराकडे प्रत्येक जनुकाची एकच प्रत. आपल्यासारख्या दोन प्रती असणाऱ्या प्राण्यांत अप्रभावी गुण पिढ्यानपिढ्या दबून राहू शकतो. कोळ्याच्या नरात दबायला जागाच नाही. औषधाला दाद न देणारी एक प्रत मिळाली की तो फवारणीतून वाचतो आणि उरलेल्या माद्या त्याच्याच वाट्याला येतात. एकटी, कोरी मादी नव्या पानावर जाऊन पोहोचली तरी ती आधी मुलगे घालते आणि पुढे त्यातल्याच एकाशी जुगून मुलींची फौज उभी करू शकते. वाचून मीही चरकले, पण गणित म्हणून ते बिनतोड आहे. उन्हाळ्यात अंडं ते अंडं फेरा दोन-तीन आठवड्यांत पुरा होतो, म्हणजे एका मोसमात कितीतरी पिढ्या.

दोन ठिपक्यांच्या कोळ्यात इटॉक्साझोलला न जुमानण्याचं मूळ 2012 साली सापडलं: कायटिन, म्हणजे अंगावरच्या कवचाचं द्रव्य, घडवणाऱ्या एका एन्झाइमात एकाच जागी झालेला बदल. मग कळलं की क्लोफेंटेझिन आणि हेक्झिथायाझॉक्स यांचाही नेम त्याच एन्झाइमावर आहे. सासरे ‘औषध बदललं’ असं समजत होते आणि एकाच कुलपाला तीन वेगळ्या चाव्या लावत होते. माझ्या झाडांवरच्या जातीत नेमका तोच बदल आहे का, ते मी तपासून घेतलेलं नाही, पण वहीचा क्रम पाहता संशय दाट आहे. बायफेनाझेट नावाच्या औषधाची गंमत आणखी वेगळी. त्याविरुद्धची ताकद कोळ्याच्या मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरांच्या स्वतंत्र जनुकांत, बसते, म्हणून ती फक्त आईकडून येते.

आता हे सगळं पुडीच्या परीक्षणात कशाला? कारण झाडावरची कोळ्यांची वस्ती बहुधा मूठभर माद्यांपासून सुरू होते. त्या रेशमाच्या धाग्याला लटकून वाऱ्यावर येतात, भावाबहिणींत संबंध होतात, आणि एका झाडावरची प्रजा आतून एकसारखी पण शेजारच्या झाडापेक्षा वेगळी निघू शकते. एका झाडावर चाललेलं औषध दुसऱ्यावर चालेलच याची हमी नाही. दातांनी फोडून खाणाऱ्या शिकाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. भक्ष्याने विष पचवायला शिकलं म्हणून त्याचं अंडं कडक होत नाही.

दुसऱ्या वर्षी मी पुड्या मागवल्या. निओसियुलस कॅलिफोर्निकस, चाळीस कागदी पुड्या, प्रत्येकीला वर टांगायचा आकडा आणि टाचणीने पाडल्यासारखं भोक. आत कोंडा, कोंड्यावर जगणारे निरुपद्रवी खाद्य-कोळी, आणि त्यांच्यावर पोसलेले शिकारी. शिकारी आतच वाढतात आणि काही आठवडे थोडेथोडे बाहेर पडत राहतात. हा कॅलिफोर्निकस दिसायला अगदीच सामान्य, फिकट, बाटलीतल्या नारिंगी पर्सिमिलिसपुढे कुणी त्याला विचारणार नाही. पण कोरडी हवा आणि ऊन सोसतो, पॅनोनायकस खातो, आणि भक्ष्य कमी पडलं तर परागकणांवर तग धरतो. सावकाश काम करतो. घाई असणाऱ्याने घेऊ नये.

पालवी फुटायच्या आधी डहाळ्यांवर खनिज तेलाची एक फवारणी केली, हिवाळी अंडी गुदमरवण्यासाठी. फुलोऱ्यानंतर तीन आठवड्यांनी पन्नास पानं मोजली: नऊ पानांवर कोळी. त्या दिवशी चाळीस झाडांवर एकेक पुडी टांगली, आतल्या सावलीच्या फांदीला, पानांना टेकेल अशी. सात झाडं मुद्दाम सोडली. सहा आठवड्यांनी मोजणी: पुडीच्या झाडांवर पन्नासपैकी चौदा पानांवर कोळी, सोडलेल्या सात झाडांवर पन्नासपैकी अडतीस. उन्हाळा सरताना त्या सातांतली पाच झाडं काशासारखी झाली, पुडीच्या चाळिसांतलं एकही नाही. उरलेली दोन पुडीच्या झाडांना फांद्या लागून होती. शिकारी चालत गेले असावेत.

माझ्यातली तपासनीस इथे स्वतःलाच हटकते. ती सात झाडं कच्च्या रस्त्याच्या बाजूची आहेत आणि धुरळा बसलेल्या पानांवर कोळी जास्त माजतात. माझी तुलना निर्दोष नाही. पण चौदा आणि अडतीस यांतलं सगळं अंतर धुळीने पडलं असेल, हे मला पटत नाही.

आता तक्रारी. चाळीसपैकी सहा पुड्या पहिल्याच मोठ्या पावसात भिजून बुरसल्या. भोक खालच्या अंगाला असतं तर हे टळलं असतं. तीन पुड्यांत मुंग्या शिरल्या आणि कोंड्यासकट सगळं फस्त केलं. पार्सल दुपारभर तापलेल्या गाडीत फिरून आलं. या जिवांना साधारण 10 ते 15 अंशांत ठेवायचं असतं आणि आल्यावर दिवस-दोन दिवसांत सोडायचं असतं. पुडीवर वापरायची अंतिम तारीख आहे, भरल्याची तारीख नाही. दुसरी कळल्याशिवाय पहिलीला अर्थ काय?

सर्वांत मोठी तक्रार माझ्या पत्राच्या उत्तराची. मी चार प्रश्न विचारले होते. या शिकाऱ्यांची मूळ वस्ती कुठून गोळा केली? तिच्यात नवं रक्त शेवटचं कधी मिसळलं? थंडीत ते सुप्तावस्थेत जातात की नाही? कोणत्या फवारण्या ते सोसतात? उत्तरात माहितीपत्रक आलं, तेच, जे पुड्यांसोबत आधीच आलं होतं.

हे प्रश्न मी हौसेपोटी विचारले नव्हते. वर्षानुवर्षं बंद खोलीत वाढवलेल्या वस्तीतली विविधता आटते, आणि मग बाहेरच्या वाऱ्यापावसात तिचे हाल होतात. पाळलेल्या पर्सिमिलिसमध्ये सूक्ष्मबीजाणू (मायक्रोस्पोरिडिया) या अतिसूक्ष्म परजीवींचा रोगही सापडलेला आहे. त्याने अंडी घटतात आणि वरून काहीच दिसत नाही. उलट, शिकाऱ्याचा वाण नीट निवडला तर काय होतं याचं उदाहरण मार्जोरी हॉय यांचं. कॅलिफोर्नियात त्यांनी गॅलेंड्रोमस ऑक्सिडेंटॅलिस या परभक्षी कोळ्यातून कीटकनाशकं सोसणारा वाण निवडून काढला आणि बदामाच्या बागांत त्याचा उपयोग करून दाखवला. पुढे फ्लोरिडात 1996 साली त्यांनी याच कोळ्याचा जनुक-बदल केलेला वाण मर्यादित चाचणीसाठी सोडला. शिकाऱ्याच्या वंशावळीवर एवढं काम झालं असताना माझ्या पुडीवर फक्त जातीचं नाव असावं? आंब्याची पेटी घेताना कोणी ‘आंबा’ एवढ्यावर भागवत नाही.

परतावा मागणाऱ्यांची एक तक्रार मात्र मला मान्य नाही: ‘पुड्या लावूनही थोडे कोळी उरलेच’. उरायलाच हवेत. कार्ल हफेकर यांनी 1958 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. संत्र्यांवर कोळी आणि त्यांचे शिकारी एकत्र ठेवले. साध्या मांडणीत शिकाऱ्यांनी सगळं भक्ष्य संपवलं आणि स्वतः उपाशी मेले. मग त्यांनी संत्र्यांमध्ये रबरी चेंडू पेरले, व्हॅसलिनचे बांध घातले, छोट्या काड्या उभ्या केल्या, जेणेकरून कोळ्यांना धाग्यावरून उडून निसटता यावं. तेव्हा कुठे दोन्ही प्रजा तीन लाटांपर्यंत सोबत टिकल्या. माझ्या चौदा पानांवरचे कोळी म्हणजे पुडीतल्या शिकाऱ्यांची शिदोरी आहे.

दोष काही वेळा ग्राहकाचाही असतो. फळ पोखरणाऱ्या अळीसाठी पायरेथ्रॉइड फवारायचं आणि आठवड्याने पुड्या टांगायच्या, हे पैसे जाळणं आहे. ते औषध शिकाऱ्यांना कोळ्यांपेक्षा आधी मारतं. मुळात पॅनोनायकस उल्मी एवढा माजला तोच अशा औषधांमुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर बागांत डीडीटी आलं आणि त्याच्यावर नैसर्गिक वचक ठेवणारे जीव आधी गेले.

या पुडीला एक फुकटचा प्रतिस्पर्धीही आहे, जो विकणारा तुम्हाला सांगणार नाही. माझ्या चुलत जावेकडे कित्येक वर्षं न फवारलेलं एक म्हातारं सफरचंद आहे. त्याच्या पानांवर टायफ्लोड्रोमस पायरी हा परभक्षी आपोआप नांदतो. त्याच्या माद्या हिवाळ्यात सालीच्या फटींत दडतात. म्हणून पानगळीच्या आधी खोडाला जाड नमद्याचा पट्टा बांधायचा, थंडीत तो सोडवून आपल्या झाडाला बांधायचा. ‘वहिनी, माझ्या झाडाला पट्टे कसले बांधताय?’ असं तिने विचारलं तेव्हा मी भिंग तिच्या हातात दिलं. बराच वेळ तिने ते परत दिलं नाही.

गुणांचं म्हणाल तर पर्सिमिलिसची बाटली जाळी करणाऱ्या कोळ्यासाठी पाचपैकी साडेचार, फळझाडांच्या लाल कोळ्यासाठी शून्य. कॅलिफोर्निकसच्या पुड्यांना चार. एक गुण भोक आणि पत्रोत्तर यांच्या खाती कापला. पोहोचवण्याच्या सेवेला दोन. घेणाऱ्याने आधी दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्यावं, मग पुडी.

पुढच्या मोसमासाठी मी पंचवीस पुड्या नोंदवल्या आहेत, बाटली एकही नाही. उरलेल्या बावीस झाडांवर जावेकडचे पट्टे जातील. पत्र पुन्हा पाठवलंय, तेच चार प्रश्न घालून.